लाळेतून यकृत वाचता येत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २९ वर्षांची आहे, सांगलीत राहते, बँकेत नोकरी करते. आईला ४२व्या वर्षी डायबेटिस निघाला, वडिलांना पन्नाशीच्या आत. आजीचा तर त्यात पाय गेला. लग्नाला दोन वर्षं झाली, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. सासर पूर्ण शाकाहारी, त्यामुळे मीही अंडी सोडली. नणंदेच्या ओळखीचे एक गृहस्थ ‘एपिजेनेटिक डाएट’ नावाचं पॅकेज विकतात. लाळेची तपासणी, सहा महिन्यांचा डाएट प्लॅन आणि पावडरी मिळून २८ हजार रुपये. माहितीपत्रकावर दोन उंदरांचा फोटो आहे, एक पिवळा गलेलठ्ठ आणि एक तपकिरी सडपातळ. खाली लिहिलंय, ‘जनुकं तीच, आहार वेगळा.’ सासूबाई म्हणतात, घराण्यातच साखर आहे तर खाण्यापिण्याने काय फरक पडणार, जे व्हायचं ते होईल. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ५४ किलो, म्हणजे मी जाड नाही. खाण्याने जनुकं खरंच बदलतात का? तपासणी करून घेऊ का? खरं कोणाचं?

उत्तर : आधी पैशाचं बोलू. तपासणी करू नका. त्या २८ हजारांतले दोन-तीन हजार काढून रक्तातलं बी१२, हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, एवढं बघून घ्या. बाकीच्या पैशांत वर्षभराचं दूध-दही येईल.

आता खरं-खोटं. त्या गृहस्थांचं वाक्य आणि सासूबाईंचं वाक्य, दोन्ही अर्धी बरोबर आहेत. गंमत अशी की दोघांचाही चुकीचा अर्धा भाग एकाच ठिकाणी चुकतो. शरीर म्हणजे एकच एक पदार्थ आहे, असं दोघं धरून चालतात. यकृताचं वेगळं, स्नायूंचं वेगळं, पोटावरच्या चरबीचं वेगळं आणि लाळेत उतरणाऱ्या पेशींचं आणखी वेगळं असतं, ही गोष्ट दोघांच्याही हिशेबात नाही.

तुमच्याकडे शेती असेल तर सातबारा पाहिला असेल. जमीन तीच राहते, क्षेत्र तेच, पण ‘इतर अधिकार’ रकान्यात सोसायटीचा बोजा चढला की त्या जमिनीचं काय करता येईल हे बदलतं. बोजा उतरवताही येतो, मात्र कागद वेळ घेतात. जनुकांच्या बाबतीतही जवळपास असंच आहे. आईवडिलांकडून आलेला डीएनए जन्मभर तोच राहतो आणि जेवणाने त्यातलं एक अक्षरही बदलत नाही. त्यावर रासायनिक नोंदी चढतात-उतरतात, त्यांना एपिजेनेटिक खुणा म्हणायचं. आणि शरीरात एकच उतारा नसतो, प्रत्येक अवयवाचा आपापला असतो. स्वादुपिंडात इन्सुलिनचं जनुक उघडं असतं, स्नायूत ते बंद असतं. डीएनए दोन्हीकडे सारखाच.

या नोंदींचे दोन मुख्य प्रकार तुमच्या कामाचे आहेत. एक म्हणजे मिथाइल, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढासा तुकडा. तो डीएनएच्या ठरावीक जागी चिकटला की तिथलं जनुक बहुधा गप्प होतं. दुसरा अॅसिटाइल. डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर हा चिकटतो, गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येतं.

हे तुकडे येतात कुठून? जेवणातून. मी अनेक वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली, आणि विद्यार्थ्यांचे डोळे उघडायचे ते याच जागी. चयापचयाचा धडा वेगळा आणि जनुकांचा धडा वेगळा अशी पुस्तकात भिंत असते, पेशीत तशी भिंत नाही. भाकरीतली साखर किंवा तुपातली चरबी पेशीत मोडली की ‘अॅसिटाइल कोए’ नावाचा रेणू तयार होतो. त्यातला काही ऊर्जेसाठी जळतो, काहीची चरबी बनते आणि काही हिस्टोनवर चढवायला वापरला जातो. मिथाइलसाठी फोलेट लागतं (पालेभाज्या, कडधान्यं), बी१२ लागतं (दूध, अंडी, मांस, मासे), आणि मिथिओनिन, कोलीन हेही लागतात. म्हणजे ऊर्जा आणि खुणा यांचा कच्चा माल एकाच कोठारातला. उपास घडला, अतिखाणं झालं, एखादं जीवनसत्त्व कमी पडलं, की त्याची झळ दोन्हीकडे पोचते.

आतड्याची गोष्ट तर मला फार आवडते. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेपू-चाकवत यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवरच जगतात. शिवाय हिस्टोनवरचे अॅसिटाइल काढून टाकणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) ते आवर घालतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की आतड्यात जिवाणू आहेत की नाहीत यावर हिस्टोनवरच्या खुणा बदलतात, आणि त्याही फक्त आतड्यात नव्हे तर यकृतात आणि चरबीतसुद्धा. चरबी-साखर जास्त आणि चोथा कमी असं खाणं दिलं तेव्हा जिवाणूंचा हा परिणाम बराचसा बोथट झाला. जिवाणूच नसलेल्या उंदरांना ती छोटी आम्लं नुसती पाजली तर परिणाम पुष्कळसा परत आला. उसळीची वाटी थेट यकृतातल्या नोंदवहीपर्यंत पोचते ती या वाटेने.

म्हणजे ते गृहस्थ बरोबर? इथपर्यंत, हो. आता त्यांचे उंदीर पाहू.

तो फोटो २००३ सालच्या अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगामुळे गाजला. त्या जातीच्या उंदरांत एक विचित्र जनुक असतं. त्याच्या शेजारी डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसलेला असतो, आणि त्यावर मिथाइल नसेल तर ते जनुक सगळीकडे सतत चालू राहतं. उंदीर पिवळा होतो, लठ्ठ होतो. माद्यांना फॉलिक अॅसिड (म्हणजे गोळीच्या रूपातलं फोलेट), बी१२, कोलीन आणि बीटेन जास्त घातलेलं खाणं दिलं, तेव्हा पिल्लांमध्ये तपकिरी उंदरांचं प्रमाण वाढलं. हे खाणं गाभण राहण्याच्या दोन आठवडे आधीपासून चालू केलं होतं. फोटोतला तपकिरी उंदीर डाएट करून सडपातळ झालेला नाही, खात होती त्याची आई. मोठ्या झालेल्या पिवळ्या उंदराला पावडर चारून तपकिरी केल्याचा हा प्रयोगच नव्हे. आणि माणसात त्या जनुकापाशी तो उपरा तुकडा नसतो. माहितीपत्रकात एवढं लिहिलं असतं तर पॅकेज कोणी घेतलं नसतं.

लाळेचंही तसंच. लाळेत गालाच्या आतल्या अस्तराच्या आणि पांढऱ्या रक्तपेशी येतात. त्यांच्या खुणा वाचून तुमच्या यकृतात, मांडीच्या स्नायूत किंवा स्वादुपिंडात काय चाललंय ते सांगता येत नाही. त्यातून बाजारातले बहुतेक ‘डीएनए डाएट’चे संच खुणा वाचतच नाहीत, जन्मजात डीएनएतले थोडे फरक वाचतात आणि त्यावरून ‘तुम्हाला कार्ब्स चालत नाहीत’ असं छापून देतात. स्टॅनफर्डमध्ये २०१८ साली हे नीट तपासून झालं. ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला, आणि ज्याच्या जनुकांना जो आहार ‘मानवेल’ असं वाटत होतं तो मिळाल्याने त्याचं वजन जास्त उतरलं का, ते पाहिलं. नाही उतरलं.

रक्तातल्या खुणांवरून एक गोष्ट मात्र छान कळते, ती म्हणजे माणूस सिगारेट ओढतो की नाही. घरात कोणी ओढत असेल तर ते कळायला तुम्हाला २८ हजार लागणार नाहीत.

आणखी एक. लठ्ठपणाशी जोडलेल्या खुणा रक्तात सापडतात हे खरं, पण आधी काय घडतं? २०१७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दहा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. त्यात लंडनमध्ये राहणारे भारतीय वंशाचे लोकही होते. निष्कर्ष असा की बहुतेक खुणा वजन वाढल्याचा परिणाम होत्या, कारण नव्हे. तेव्हा ‘खूण पुसा, वजन उतरेल’ हे गाडी उलट्या बाजूने ढकलणं झालं.

मग मोठ्या माणसाच्या अवयवांत खाण्याने खुणा बदलतात, हे पाहिलंय का कोणी? पाहिलंय, आणि त्यासाठी लाळ न घेता त्या त्या अवयवाचा तुकडाच घ्यावा लागला. कोपनहेगनमध्ये निरोगी तरुणांना पाच दिवस नेहमीपेक्षा निम्मं जास्त आणि तेही तेला-तुपाने भरलेलं खायला दिलं, आणि मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाच दिवसांत हजारो जनुकांवरच्या मिथाइल-नोंदी थोड्याथोड्या हलल्या होत्या, आणि साधं जेवण सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीही त्या पुरत्या जागेवर आल्या नव्हत्या. लग्नसराईचे पाच दिवस डोळ्यांसमोर आणा.

स्वीडनमधल्या उप्साला इथला प्रयोग आपल्याकडच्या फरसाणवाल्यांनी वाचावा असा आहे. सडपातळ तरुण-तरुणींना सात आठवडे रोज मफिन खायला दिले, काहींना पामतेलाचे आणि काहींना सूर्यफुलाच्या तेलाचे. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, सुमारे दीड किलो. पण पामतेलवाल्यांच्या यकृतात चरबी जास्त साठली आणि सूर्यफूलवाल्यांचं चरबीविरहित मांस जास्त वाढलं. पुढे त्यांच्या त्वचेखालच्या चरबीचे नमुने तपासले तेव्हा खुणा दोन्ही गटांत बदललेल्या होत्या, पण सगळ्या सारख्या नव्हत्या. वजनकाट्याने मात्र दोघांना एकच आकडा दाखवला. पाकिटावर घटकांत ‘पामोलिन’ किंवा ‘खाद्य वनस्पती तेल (पाम)’ असं असतं ते वाचायची सवय लावून घ्या. बिस्किटं, खारी, टोस्ट, पाकीटबंद शेव-चिवडा यांतल्या बहुतेकांत सापडेल.

खुणा टिकतात किती, याचं एक ताजं उत्तर झुरिकहून आलं आहे. २०२४ च्या ‘नेचर’मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की लठ्ठ उंदीर बारीक झाले तरी त्यांच्या चरबीपेशींवर जुन्या खुणा राहतात, आणि पुन्हा तेलकट खाणं मिळालं की ते इतरांपेक्षा लवकर सुटतात. शस्त्रक्रियेने वजन उतरवलेल्या माणसांच्या चरबीतही जनुकांची जुनी वागणूक दोन वर्षांनंतर शिल्लक दिसली. म्हणून ‘लग्नापुरतं दहा किलो कमी करून देतो’ असल्या योजनांचं मला वावडं आहे.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण घराण्यात साखर असते हे खरंच आहे. दोन्ही बाजूंनी डायबेटिस असेल तर धोका वाढतो. मात्र घराण्यातून फक्त जनुकं येत नाहीत, ताटही येतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीत आढळलं की आपल्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. सकाळी पोहे आणि गोड चहा, दुपारी पोळी-भात-बटाटा, उपासाला साबुदाणा. (साबुदाण्याला उपासाचा पदार्थ का म्हणतात हे मला आजवर उमगलेलं नाही. तो नुसता पिठूळपणा आहे.) आणि ताटाच्याही आधी येतो आईचा गर्भ. तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण तेच आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणशी रोजचं अन्न हजार कॅलरींच्याही खाली गेलं. सुमारे ६० वर्षांनी, २००८ मध्ये, त्या काळात ज्यांचा गर्भ आईच्या पोटात राहिला त्या लोकांचं रक्त तपासलं, आणि तुलनेला घेतली त्यांचीच सख्खी भावंडं, जी दुष्काळाच्या आधी किंवा नंतर जन्मली होती. वाढीशी संबंधित ‘आयजीएफ-२’ नावाच्या जनुकावरचे मिथाइल दुष्काळात राहिलेल्या गर्भांत कमी निघाले. आईच्या गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांत मात्र हा फरक नव्हता. याचा अर्थ असा की गर्भधारणेच्या आसपासचे आठवडे फार नाजूक असतात. सगळ्या अवयवांच्या पेशी तेव्हा मूठभर पेशींतून निघणार असतात, त्यामुळे तेव्हा पडलेली खूण पुढे सगळीकडे जाऊ शकते. रक्तावरून इतर अवयवांचा थोडाफार अंदाज बांधता येतो तो अशाच खुणांच्या बाबतीत.

आपल्याकडचं काम तर त्याहून जवळचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डायबेटिस विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, साधारण १८ बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) असलेल्या बाया. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव जितके लहान होते, त्या मानाने त्यांच्या पाठीवरची चरबी लहान नव्हती, ती जवळपास इंग्रज बाळांइतकीच होती. दिसायला काटकुळं, आतून चरबीदार. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२ टक्के.

तुमचा बीएमआय पावणेबावीसच्या आसपास येतो. म्हणून ‘मी जाड नाही’ या वाक्यावर विसंबू नका. शिवणकामाची टेप घ्या आणि पोट मोजा. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात, पुरुषांसाठी ९०.

त्याच पुण्याच्या अभ्यासातला पुढचा भाग तुमच्या अंड्यांशी जोडलेला आहे. त्या मातांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश जणींचं बी१२ कमी होतं. फोलेट मात्र व्यवस्थित होतं, कारण पालेभाजी आणि लोह-फॉलिकच्या गोळ्या. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासलं, तेव्हा इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देणारी मुलं कोणाची निघाली? ज्यांचं फोलेट जास्त आणि बी१२ कमी होतं, त्या आयांची. यामागची रसायनशास्त्राची गोष्ट अशी, की फोलेटवरचा मिथाइल काढून पुढे द्यायला बी१२ लागतं. ते नसेल तर मिथाइल फोलेटवरच अडकून पडतो, ना डीएनएपर्यंत पोचतो ना दुसऱ्या कामाला येतो. त्यामुळे ‘पालक खा, फॉलिक घे’ हा सल्ला शाकाहारी घरात अर्धवट ठरतो. फॉलिक घ्यायचंच आहे, बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी ते अत्यावश्यक आहे. पण सोबत बी१२ बघितलंच पाहिजे.

मग करायचं काय? बी१२ आत्ताच तपासा. कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शन घ्या, आणि पातळी वर आल्यावर मगच बाळाचा विचार करा. दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. फॉलिक अॅसिड गर्भ राहण्याच्या निदान दोन-तीन महिने आधी सुरू करा, कारण मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते, तोवर अनेकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. सर्वसाधारण बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. मेडिकलच्या दुकानात ‘फॉलिकची गोळी द्या’ म्हटलं की बहुधा ५ मिलिग्रॅमची हातात पडते, म्हणजे त्याच्या साडेबारापट. ती काही विशिष्ट कारणांसाठी डॉक्टर मुद्दाम देतात, मनाने घेऊ नका. आणि पाकीट मागून वाचा.

रोजच्या खाण्यात दूध-दही-ताक-पनीर हे तुमचं बी१२. दोन मोठे पेले दूध किंवा तेवढं दही झालं की दिवसाची बरीचशी गरज भागते. ‘इडली-ढोकळा आंबवला की बी१२ तयार होतं’ यावर भरवसा ठेवू नका. स्पिरुलिनाच्या गोळ्यांतलं बी१२ तर आपल्या शरीराला उपयोगाचंच नसतं. अंडी सोडायची की नाही हा तुमचा आणि घरच्यांचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. सोडलीत तर गोळी चुकवायची नाही, एवढंच. जाता जाता, तुमची आई डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेत असेल तर तिचंही बी१२ तपासून घ्या, त्या औषधाने ते घसरतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर नक्कीच.

नुसत्या चांगल्या खाण्याने काही होतं का, असं विचाराल तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. एका गटाला पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. बाळाच्या वजनात फार मोठा फरक पडला नाही. तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांत सरासरी ४८ ग्रॅम, एवढाच. पण गरोदरपणातला डायबेटिस पहिल्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्यात १२.४ टक्के निघाला. तुमच्यासारख्या घराण्यात ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे. आणि त्या खाऊत कुठलीही पावडर नव्हती.

ताटात माझा बदल साधा असेल. न्याहारीच्या पोह्यांत मूठभर दाणे आणि मोड आलेली मटकी, किंवा पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं. दुपारी एक पोळी किंवा भात कमी आणि त्या जागी वरण-उसळ जास्त, घट्ट वरण, पाणीदार आमटी नव्हे. रात्री ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दही. दुपारी चारचं बिस्किट बंद, त्याऐवजी फुटाणे किंवा पेरू. बँकेत दिवसभर बसून असता, तर आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना खरं काम द्या. उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. जेवणातली साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायू, आणि आपल्या लोकांकडे जन्मापासून कमी असतात तेही स्नायूच. स्वीडनमध्ये व्यायामानंतर स्नायूचा तुकडा तपासला तेव्हा ऊर्जा खर्च करायला लावणाऱ्या जनुकांवरचे मिथाइल एकाच दमदार सत्रानंतर उतरलेले दिसले.

यजमानांना यातून सुटका नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि वडिलांच्या वजनाने शुक्राणूंवरच्या खुणा बदलतात हे कोपनहेगनच्याच दुसऱ्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं आहे. त्या बदलांचा बाळावर नेमका किती परिणाम होतो हे माणसांत सिद्ध व्हायचं आहे, पण धिरडं दोघांनी खाल्लं तर तोटा कोणाचाच नाही. तंबाखू, सिगारेट असेल तर ती आधी सुटली पाहिजे.

दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना घरचा डायबेटिस सांगा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात, ती तपासणी तेव्हाच करून घ्या. १४० किंवा त्याहून जास्त आली तर उपचार लगेच सुरू होतात. पहिल्यांदा ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करायची असते, आणि पुष्कळ जणींची ही दुसरी राहून जाते. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.